तलम शर्टावर मशीन भरतकाम: कापडाला भोक पडू नये, चुणी येऊ नये म्हणून

जीन्स किंवा जाड पिशवी भरतकाम करणाऱ्याच्या बऱ्याच चुका पोटात घालते. पातळ सुती, रेयॉनचा किंवा लिननचा शर्ट एकही घालत नाही. त्यात शर्ट हा तयार कपडा. सुटं कापड बिघडलं तर दुसरा तुकडा कापता येतो, पण छातीवर बोराएवढं भोक पडलं तर अख्खा शर्ट गेला. म्हणून जाड कापडावर हात बसलेल्या माणसालाही तलम शर्ट पहिल्यांदा मशीनवर चढवताना काही सवयी बदलाव्या लागतात.

हा लेख घरच्या एका सुईच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर काम सुरू करणाऱ्यांसाठी आहे. अनेक सुयांच्या मोठ्या मशीनवरही तत्त्वं तीच राहतात, फक्त सुयांचे प्रकार आणि हूप, म्हणजे कापड पकडून ठेवणारी दोन रिंगांची चौकट, वेगळे असतात. बहुतेक जण शर्ट खराब झाला की हूप नीट बसला नव्हता किंवा सुई वाईट होती असं म्हणतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा दोष डिझाइनचा असतो: कापडाला पेलवणार नाहीत इतके टाके त्यात असतात. म्हणून खाली डिझाइनवर जास्त लिहिलं आहे आणि ते सुई, हूपच्या आधी घेतलं आहे.

आधी नुकसान ओळखायला शिका

भोकं दोन जातींची असतात. एका जातीत सुईने कापडाचे धागे नुसते बाजूला सारलेले असतात, दुसरीत धागा तुटलेला असतो. फरक ओळखायला भोकावरून नखाने उभं-आडवं हलकेच घासा किंवा थोडी वाफ द्या. सरकलेले धागे जागेवर येतात आणि भोक मिटतं. तुटलेलं असेल तर मिटत नाही. धागे नुसते सरकले असतील तर सुई जाड होती किंवा टाके दाट होते. तुटले असतील तर सुईचं टोक झिजलेलं आहे, सुईचा प्रकार चुकला आहे किंवा एकाच जागी सुई फार वेळा उतरली आहे.

टी-शर्टच्या कापडात हे भोक लगेच दिसत नाही. ते कापड फासात फास अडकवून विणलेलं असतं. एक फास तुटला की शेजारचे सावकाश सुटत जातात, आणि भोक दिसतं ते एक-दोन धुण्यांनंतर. त्यामुळे काम मशीनवरून उतरलं तेव्हा छान होतं, या वाक्याला टी-शर्टच्या बाबतीत फारसा अर्थ नाही.

दुसरं नुकसान चुण्यांचं. डिझाइनच्या भोवती कापड गोळा होतं. याला कारणं तीन: टाके घट्ट ओढले गेले, हूपमध्ये कापड ताणून बसवलं होतं आणि सुटल्यावर ते मागे आलं, किंवा पहिल्या धुण्यात सुती कापड आटलं आणि पॉलिएस्टरचा दोरा आटला नाही. तिसरं नुकसान हूपचे वळ, म्हणजे रिंगच्या दाबाने उमटलेली चकचकीत किंवा चुरगळलेली गोल खूण. चौथं सगळ्यात वाईट: खाली दोऱ्याचा गुंता होतो, कापड सुईखालच्या पट्टीच्या भोकात ओढलं जातं आणि सोडवताना फाटतं.

पायरी १: कापड हातात घेऊन बघा

शर्ट उजेडासमोर धरा. पलीकडचा हात स्पष्ट दिसत असेल तर कापड झिरझिरीत आहे, आणि मागचा स्टॅबिलायझरही, म्हणजे टाक्यांना आधार म्हणून कापडामागे लावायचा पेपरही, बाहेरून दिसणार आहे. मग ते दोन्ही दिशांनी ओढून बघा. ताणा-बाण्याचं विणलेलं कापड (पुढे नुसतं ‘विणलेलं’ म्हटलं आहे ते हेच) उभं-आडवं जवळजवळ ताणलं जात नाही, पण उरेब दिशेने ताणलं जातं. टी-शर्टचं कापड आडवं भरपूर ताणलं जातं. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका फरकावर ठरतात, त्यामुळे लेबलवरचं नाव पाहून अंदाज करू नका, ओढून बघा.

कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम असं सांगतात. मलमल, लॉन, व्हॉइल ही कापडं बहुधा शंभरच्या खाली असतात. नेहमीचे टी-शर्ट १४० ते १८०च्या आसपास. आकडा माहीत नसला तरी अडत नाही. कापडाची एक चिमूट बोटांत चुरगळा. ती जितकी लहान होते तितकं कापड पातळ.

सुती, लिनन आणि रेयॉनचा शर्ट भरतकामाच्या आधी एकदा धुवा, जसा पुढे धुतला जाणार आहे तसाच. जे आटायचं ते आधीच आटू द्या. मग इस्त्री. विणलेल्या पातळ सुती कापडाला खळ देऊन कडक इस्त्री केली तर ते सुईखाली कमी हलतं, आणि खळ पुढच्या धुण्यात निघून जाते. टी-शर्टला खळीचा फारसा उपयोग नाही.

पायरी २: डिझाइन हलकं करा

बाजारात मिळणारी बरीचशी तयार डिझाइनं मध्यम जाडीच्या कापडासाठी बनवलेली असतात. ४० नंबरच्या दोऱ्यासाठी भराईच्या दोन ओळींमधलं अंतर साधारण ०.४ मिमी धरलेलं असतं. मजबूत कापडावर ते बरोबरच आहे. मलमलीवर तेच डिझाइन ताठ पुठ्ठ्यासारखं बसतं, भोवतीचं कापड लोंबतं आणि टाक्यांच्या कडेला फाटायला लागतं.

थोडं गणित करू. ५ सेमी बाय ५ सेमीचा भरीव चौकोन घ्या. ओळींमध्ये ०.४ मिमी अंतर आणि टाका ४ मिमी लांब असेल तर सुमारे १,५६० टाके होतात. अंतर ०.५ मिमी केलं तर १,२५०. म्हणजे पाचातला एक टाका कमी झाला आणि डोळ्याला फरक जेमतेम कळतो. तलम शर्टावर मी भराई ०.४५ ते ०.५५ मिमीच्या खाली नेत नाही. कापड थोडं दिसलं तरी चालेल असं डिझाइन असेल तर याहूनही विरळ ठेवा. दोऱ्याचा रंग कापडाच्या रंगाच्या जवळचा निवडला तर विरळ भराई आणखी खपून जाते.

याहून चांगला उपाय म्हणजे भरीव डिझाइन मुळातच टाळणं. रेघांची फुलं, बाह्यरेषेची पानं, उघडी जाळीदार भराई, एका धावत्या टाक्याने काढलेली नक्षी: पातळ शर्टावर ही कामं नुसती सुरक्षित नाहीत, दिसतातही जास्त चांगली. छातीवर तळहाताएवढं भरीव चिन्ह हवंच असेल तर खरं सांगायचं तर शर्ट जाड घ्यावा. पेपरचे थर वाढवून जड डिझाइन पातळ कापडाला पेलत नाही. कापड फक्त दोन कडक गोष्टींच्या मध्ये अडकतं.

आकार बदलताना जपा. मशीनच्या स्क्रीनवर १० सेमीचं डिझाइन ८ सेमी केलं आणि मशीनने टाके नव्याने मोजले नाहीत, तर तेवढेच टाके ६४ टक्के जागेत कोंबले जातात. दाटी दीडपटीहून वाढते. आकार बदलण्याआधी आणि नंतर स्क्रीनवरचा टाक्यांचा आकडा बघा. डिझाइन लहान झालं आणि आकडा तोच राहिला तर ते शिवू नका. टाके पुन्हा मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधून आकार बदलून आणा.

सॅटिन टाका, म्हणजे अक्षरांच्या आणि कडांच्या गुळगुळीत पट्ट्या, याची वेगळी भानगड आहे. यात सुई पट्टीच्या दोन कडांवर आळीपाळीने उतरते, साधारण दर ०.४ मिमीला. आणि ७५ नंबरच्या सुईची जाडी असते ०.७५ मिमी. भोकं एकमेकांना भिडतात. जाड कापडाचे धागे सरकून जागा करून देतात, पातळ कापडात कडेने पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ तयार होते आणि तिथूनच कापड सुटतं. उपाय असे: पट्टीतलं अंतर ०.४५ ते ०.५ मिमी करा, सुई बारीक घ्या, आणि सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर कड थोडी अनियमित करा म्हणजे भोकं एका रेषेत येत नाहीत. ही रेषा कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्याला समांतर असेल तर धोका जास्त. म्हणून भराईचा कोन धाग्यांना तिरपा ठेवणं बरं.

टोकदार कोपरे आणि वळणांची आतली बाजू इथे टाके गर्दी करतात. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये आतल्या बाजूचे काही टाके आपोआप आखूड करायची सोय असते, ती चालू ठेवा. १ मिमीहून लहान टाके कापडाला काही देत नाहीत, फक्त त्याच जागी पुन्हा पुन्हा भोसकतात. बारीक टाके गाळून टाकायची आज्ञा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. प्रत्येक रंगाच्या सुरुवातीला आणि शेवटी जे गाठीचे टाके येतात, तेही एकाच बिंदूवर असतात. डिझाइनमध्ये दोरा मध्येच वीस वेळा कापला जात असेल तर चाळीस ठिकाणी गाठी पडणार. तुकडे कमी असलेलं, सलग वाहणारं डिझाइन निवडा.

खालचा आधार टाका, ज्याला अंडरले म्हणतात, तो काढून टाकायचा मोह होईल. काढू नका. तो कापडाला स्टॅबिलायझरशी आधीच बांधून ठेवतो आणि वरचे टाके कापड ओढत नाहीत. फक्त तो हलका ठेवा: अरुंद पट्टीला मधून एक धावती रेघ, रुंद पट्टीला कडेने एक रेघ, भराईला विरळ तिरपी जाळी एकदाच. दोन-तीन प्रकारचे आधार टाके एकावर एक नकोत.

नाव देवनागरीत घालायचं असेल तर शिरोरेषेकडे खास लक्ष द्या. प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेसकट वेगळं बनवलेलं असेल तर जोडांवर सॅटिनचे दोन थर येतात, आणि भोक बहुतेक तिथेच पडतं. शिरोरेषा शेवटी एकसलग शिवणारं डिझाइन बनवून घ्या. रोमन अक्षरं ५-६ मिमी उंचीवर कशीबशी निभावतात. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं असल्याने अक्षर त्याहून बरंच मोठं ठेवावं लागतं.

पायरी ३: सुई आणि दोरा

सुईवरचा मोठा आकडा तिची जाडी सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ७५/११ म्हणजे पाऊण मिलिमीटर. भरतकामात हीच सुई सर्वात जास्त वापरली जाते. तलम शर्टासाठी ६५/९ किंवा ७०/१० घ्या. विणलेल्या कापडाला अणकुचीदार टोकाची, टी-शर्टच्या कापडाला बॉलपॉइंट. बॉलपॉइंटचं टोक किंचित गोल असतं, ते फास तोडण्याऐवजी बाजूला सारून मधून जातं. घट्ट विणलेल्या तलम कापडात हीच सुई उलटी त्रास देते, धागे ओढते. म्हणजे एकच सुई सगळ्या शर्टांना चालेल असं नाही.

४० नंबरचा दोरा ७० किंवा ७५च्या सुईतून सहज जातो. ६५ची सुई लावायची तर ६० नंबरचा दोरा घ्या. दोऱ्यात आकडा वाढला की दोरा बारीक होतो, हे सुईच्या उलट आहे आणि सुरुवातीला गोंधळात टाकतं. बारीक दोऱ्यात छोटी अक्षरं सुबक येतात आणि कापडावरचा भार कमी होतो. पण ४० नंबरसाठी बनवलेलं डिझाइन ६० नंबरने शिवलं तर जरा विरळ दिसतं. तलम कापडावर ते बऱ्याचदा फायद्याचंच ठरतं. जरीसारख्या धातूच्या दोऱ्याला मोठ्या नेढ्याची जाड सुई लागते. पातळ शर्टावर तो टाळलेला बरा.

सुई आठेक तास चालली की बदला, कशाला आदळली तर ताबडतोब बदला. टोकाचा बारीक खरचटा डोळ्यांना दिसत नाही. जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून टोक हलकेच ओढून बघा. धागा अडकला तर सुई फेकून द्या. नवी सुई लावूनही धागे ओढले जात असतील तर सुई ज्या पट्टीतून खाली जाते तिच्या भोकाची कड बोटाने तपासा. सुई कधी तिथे आपटली असेल तर कड खडबडीत झालेली असते.

ताण, म्हणजे टेन्शन, तपासायला सॅटिनची एक पट्टी शिवून उलटी करा. मधल्या साधारण एक-तृतीयांश भागात बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा दिसावा आणि दोन्ही बाजूंना वरचा. बॉबिन दिसतच नसेल तर वरचा ताण कमी आहे. मागे जवळजवळ सगळा बॉबिनचाच दोरा दिसत असेल तर वरचा जास्त आहे आणि कापड चुणणार. तलम कापडावर दोन्ही ताण थोडे सैलच बरे. बॉबिन भरताना घाई करू नका. पॉलिएस्टरचा दोरा वेगात भरला तर ताणलेल्या अवस्थेत गुंडाळला जातो आणि शिवल्यावर मागे येतो. चुणी कुठून आली हे मग शोधून सापडत नाही.

पायरी ४: मागचा आधार

स्टॅबिलायझरला बरेच जण नुसतं ‘पेपर’ म्हणतात आणि जो हाताशी असेल तो लावतात. शर्टासाठी फाडायचा पेपर सर्वात सोपा वाटतो, पण तलम कापडाला तोच सर्वात कमी योग्य. फाडताना टाके ओढले जातात, आणि फाडल्यानंतर डिझाइनच्या मागे आधार उरत नाही.

टी-शर्टला कापायचा पेपर लागतो, जो काम झाल्यावर कडेने कापतात आणि टाक्यांच्या मागे कायमचा ठेवतात. यातला मऊ, जाळीदार, जवळजवळ पारदर्शक प्रकार नो-शो मेश नावाने मिळतो. पातळ शर्टाला मी तोच वापरते. तो बाहेरून दिसत नाही आणि अंगाला टोचत नाही. डिझाइन जरा भरीव असेल तर दोन थर लावा, दुसरा थर पहिल्याला तिरपा, म्हणजे सगळ्या दिशांनी ताण सारखा झेलला जातो. फिकट शर्टाच्या मागे पांढऱ्यापेक्षा त्वचेच्या रंगाचा मेश कमी उठून दिसतो.

झिरझिरीत विणलेल्या कापडावर, जिथे मागे काहीच दिसलेलं चालणार नाही, तिथे पाण्यात विरघळणारा कापडासारखा स्टॅबिलायझर घ्या. प्लास्टिकसारखी पातळ फिल्म वेगळी. ती वर ठेवायची असते, खाली आधाराला पुरत नाही. विरघळणाऱ्याची अडचण उघड आहे: धुतलं की आधार गेला. म्हणून तो फक्त हलक्या, उघड्या डिझाइनला.

इस्त्रीने चिकटणारा मेश कापड सरकू देत नाही, टी-शर्टच्या कापडाला तो फार उपयोगी. इस्त्री आधी कमी तापमानावर आणि शर्टाच्या आतल्या कोपऱ्यावर तपासा. पॉलिएस्टर आणि नायलॉन जास्त गरमीने चकाकतात किंवा आखडतात, ते पुन्हा सरळ होत नाहीत. चिकटवण्याचा स्प्रे वापरायचा तर मशीनपासून लांब, पेपरवर, अगदी हलका मारा. शर्टावर थेट मारू नका. जास्त झाला की सुईला चिकटतो, दोरा तुटायला लागतो.

पायरी ५: हूप

डिझाइन मावेल असा सर्वात लहान हूप घ्या. मोठ्या हूपच्या मध्यभागी पातळ कापड सैल राहतं, सुईबरोबर वर-खाली उडतं आणि गुंते तिथेच सुरू होतात.

हूपमधलं कापड ढोलकीसारखं वाजलं पाहिजे असा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो पेपरपुरता बरोबर आहे. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. तपासायची सोपी रीत: हूप लावण्याआधी धुतल्यावर जाणाऱ्या पेनने शर्टावर एक छोटा चौकोन काढा. हूप बसवल्यावर तो चौकोनच राहिला तर ठीक. लांबोळका झाला तर कापड ताणलं गेलं आहे, काढून पुन्हा बसवा. बसवताना बाहेरच्या रिंगचा स्क्रू आधी पुरेसा सैल करा, सपाट टेबलावर काम करा, आतली रिंग सरळ दाबा आणि मग स्क्रू आवळा. आवळल्यानंतर कडा धरून कापड ओढायची सवय असेल तर ती सोडा. उरेब दिशेने ओढलेलं कापड तर हमखास वाकडं होतं.

वळ टाळायला आतल्या रिंगभोवती पातळ सुती पट्टी गुंडाळा. त्याने पकडही वाढते आणि स्क्रू कमी आवळावा लागतो. काम संपलं की हूप लगेच काढा. शर्ट रात्रभर हूपमध्ये ठेवू नका. वळ आलाच तर उलट बाजूने वाफ द्या आणि हाताने चोळा. सुती कापडावरचा वळ बहुतेक वेळा धुतल्यावर जातो. रेशमी किंवा सॅटिनच्या कापडावरचा कधी कधी जात नाही, तिथे शर्ट हूपमध्ये घालूच नका. फक्त पेपर हूपमध्ये ताठ बसवा आणि शर्ट त्याच्यावर चिकटवा किंवा डिझाइनच्या बाहेरून लांब कच्च्या टाक्यांनी धरा. हे कच्चे टाके रेशमी कापडात स्वतःची भोकं सोडतात, त्यामुळे तिथे चिकटवणंच बरं. चुंबकाचे हूप वरून दाबतात, घासत नाहीत, तलम कापडाला चांगले. मात्र त्यांचे चुंबक जोरदार असतात. पेसमेकर असलेल्या माणसाने ते हाताळू नयेत, आणि बोटं सांभाळावीत.

पायरी ६: आधी तुकडा, मग शर्ट

त्याच जातीच्या कापडाच्या तुकड्यावर, तोच दोरा, तीच सुई, तोच पेपर घेऊन पूर्ण डिझाइन शिवा. शर्टाचं कापड सुटं मिळत नसेल तर तेवढ्याच जाडीचा जुना शर्ट कापा. मग तो तुकडा धुवा, वाळवा आणि उजेडासमोर धरा. टी-शर्टचं कापड असेल तर टाक्यांच्या कडेला हाताने ओढून बघा. धुवायची ही पायरी बहुतेक जण गाळतात. आटणं आणि सुटणारे फास दोन्ही धुतल्यावरच दिसतात, त्यामुळे न धुतलेल्या नमुन्यावरून काही ठरवू नका.

पायरी ७: मशीन चालू करताना

हूप मशीनवर चढवल्यावर सुरू करण्याआधी खालून हात फिरवा. बाही, पाठ किंवा बटणपट्टी हूपखाली सरकलेली असते आणि छातीचं डिझाइन पाठीला शिवलं जातं. हे सगळ्यांच्या हातून कधी ना कधी होतंच. बाकीचा शर्ट गुंडाळून क्लिपने बाजूला धरा, आणि तो टेबलावरून खाली लोंबू देऊ नका. शर्टाचं वजन हूप ओढतं आणि बाह्यरेषा सरकते. बटणं आणि जाड शिवणी प्रेसर फूटच्या, म्हणजे सुईजवळ कापड दाबणाऱ्या पायाच्या, वाटेत येणार नाहीत हे पाहा.

वेग मिनिटाला ४०० ते ६०० टाक्यांवर ठेवा. पहिले काही टाके डोळ्यासमोर होऊ द्या, वरच्या दोऱ्याचं टोक धरून ठेवा आणि गाठ बसल्यावर कापा. टी-शर्टवर विरघळणारी फिल्म वर ठेवली तर टाके फासांत रुतत नाहीत. कापड सुईबरोबर उचललं जाताना दिसलं तर थांबा, प्रेसर फूटची उंची कमी करा.

कान उघडे ठेवा. आवाज जड झाला किंवा मशीन धपधप करायला लागली की लगेच बंद करा, कारण खाली गुंता झाला आहे. इथेच सर्वात जास्त शर्ट फाटतात. हूप उचलून ओढू नका. वरचा दोरा कापा, सुई हाताने चाक फिरवून वर घ्या, हूप एका बाजूने जेमतेम उचलून पातळ कात्रीने कापड आणि पट्टीच्या मधला गुंता कापत जा. जागा मिळत नसेल तर सुईची पट्टी स्क्रू काढून सोडवा आणि गुंता खालून कापा. दहा मिनिटं गेली तर जाऊ द्या. मग वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो, तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो.

पायरी ८: हूप काढल्यावर

स्क्रू सैल करूनच रिंग काढा. मेश कापताना शर्ट उलटा करा, मेश बोटांनी वर उचला आणि शर्ट खाली मोकळा सोडा. टाक्यांपासून ५ ते ८ मिमी जागा सोडून, कोपरे गोल करत कापा. बोथट टोकाची किंवा चपट्या पात्याची कात्री घ्या. चांगलं जमलेलं काम शेवटी कात्रीच्या टोकाने भोसकलं जातं असे प्रसंग कमी नाहीत. टाक्यांना अगदी चिकटून कापू नका, मेशची कड टाक्यांतून सुटते.

इस्त्री जाड टॉवेलवर, डिझाइन खाली घालून, उलट बाजूने करा. धुताना शर्ट उलटा करा, पिळू नका.

तरीही बिघडलंच तर

टाके उसवायचे असतील तर उलट बाजूने बॉबिनचे दोरे कापा आणि वरचे दोरे पुढून उचला. पुढच्या बाजूने ओढून काढायचा प्रयत्न केला तर कापड ओढलं जातं. दाट भराई उसवण्याआधी मात्र विचार करा. खाली कापडाची चाळण झालेली असेल तर ते सध्या टाक्यांमुळेच एकत्र आहे. काढलेत तर भोक मोठं होईल. अशा वेळी चूक थोडीशीच असेल तर तसंच ठेवा आणि मागून चिकटणारा मेश लावून पक्कं करा.

टाक्याच्या कडेला एखादं बारीक भोक पडलं असेल तर मागून मेशचा गोल तुकडा इस्त्रीने चिकटवा, सुटलेला फास बारीक सुईने हाताने धरा, आणि वाटलं तर त्यावर हातानेच एक छोटं पान किंवा कळी भरा. त्याच जागी मशीन पुन्हा चालवू नका.